अडुळसा कफाला आहे, मुकादमाला नाही

गेल्या महिन्यात दादरला एका हॉलात व्याख्यान ऐकायला गेलो. विषय होता 'आपली वनौषधी परंपरा'. फुकट होतं, वर चहा होता, म्हणून गेलो. खोटं कशाला बोलू? स्टेजवर रेशमी झब्ब्यातले एक वैद्यबुवा. त्यांनी अडुळशाची फांदी हातात धरली, एक जुनं संस्कृत वचन सुरात म्हटलं आणि मग आम्हा अडाण्यांसाठी त्याचा अर्थ फोडून सांगितला. जोवर ह्या जगात अडुळसा आहे आणि माणसाला जगायची आशा आहे, तोवर क्षयानं आणि खोकल्यानं पिडलेल्यानं दुःख का म्हणून करावं?

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंचे तर डोळे पाणावले.

मी टाळी वाजवली नाही. माझ्या डोळ्यांपुढं माझा बाप आला. गोवंडीच्या झोपडीत भिंतीला टेकून बसलेला, दोन्ही हातांनी छाती धरलेला, आणि त्याच्या उशाशी ओळीनं मांडलेल्या अडुळशाच्या सात रिकाम्या बाटल्या. वैद्यबुवांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं. हॉलात आम्हाला माईक मिळत नसतो. म्हणून इथं देतो.

पण आधी एक गोष्ट साफ करतो. मी अडुळशाच्या विरुद्ध नाही. अडुळशावर वाढलेला माणूस आहे मी.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून मुंबईला आली. आजोबा आधीच इथं गिरणीत बदली कामगार होता. कडेवर पाच वर्षांचं पोर, ते म्हणजे माझा बाप. पुढं पाऊसपाणी बरं झालं तेव्हा म्हातारी एकदा गावी जाऊन आली, आणि येताना ओल्या फडक्यात गुंडाळून अडुळशाची दोन कांडं घेऊन आली. आमच्या गावच्या वाड्यात घराच्या मागं अडुळशाचं कुंपण होतं. झोपडीमागं तेलाच्या रिकाम्या डब्यात तिनं ती कांडं खोचली. एक मेलं, एक जगलं. वस्तीत शेळ्या मोकाट. त्यांनी शेजारणीची तुळस खाल्ली, मिरचीची रोपं खाल्ली, निवडणुकीची पोस्टरं खाल्ली. अडुळशाला तोंड लावलं नाही. इतका कडू.

पावसाळा लागला की सगळी चाळ आमच्या दारात. 'आजे, पोरगं रातभर खोकतंय.' म्हातारी पानं तोडायची, आल्याचा तुकडा, चार मिरी, गुळाचा खडा घालून दोन पेले पाण्याचा एक पेला होईस्तोवर आटवायची. नाक दाबून प्यायचो आम्ही. घशाला आत कुणीतरी खरवडल्यासारखं व्हायचं आणि तासाभरानं अडकलेला बेडका सुटायचा. कधी पानं तव्यावर गरम करून त्यांचा रस पिळायची, त्यात मध. पैसे कुणाकडनं घेतले नाहीत. पण एकदा शेजारची पोटुशी सून काढा मागायला आली तेव्हा म्हातारीनं तिला दारातनंच परत लावली. 'तुला न्हाई ग बाई ह्यो. पोट पडंल.'

आज प्रयोगशाळेतली माणसं तेच सांगतात. अडुळशात वासिसीन नावाचं द्रव्य आहे. ते श्वासनळ्या थोड्या सैल करतं, पण गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतं. म्हणून गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. वैद्यबुवा दीड तास बोलले. समोर निम्म्या बाया होत्या. हे एक वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. त्यांना परंपरा सांगायची होती, औषध सांगायचं नव्हतं.

आता ही परंपरा कुणाची ते बघू.

ह्या झाडाचं शास्त्रीय नाव जस्टिशिया अधाटोडा. १७५३ साली लिनिअस ह्या स्वीडिश पंडितानं ते ग्रंथात छापलं. त्यातलं 'अधाटोडा' आपल्याच दक्षिणेतलं, तमिळ नावावरनं घेतलेलं. आडु म्हणजे शेळी, तोडा म्हणजे शिवत नाही. शेळी ज्याला शिवत नाही ते झाड. वाचलं तेव्हा हसू आलं. म्हटलं, ह्याचीही जात आमचीच निघाली! आणि 'जस्टिशिया'? मला वाटलं, जस्टिस, म्हणजे न्याय. झाडाच्या नावात न्याय, वा! मग कळलं की जेम्स जस्टिस नावाच्या कुणा स्कॉटिश बागाईतदाराचं ते आडनाव आहे. न्याय कसला, आडनाव निघालं. ह्या देशातही न्याय शोधायला जावं तर बहुतेक वेळा आडनावच हाताला लागतं.

पण मला सांगा, शेळी कशाला तोंड लावते आणि काय सोडून जाते, हे पहिल्यांदा पाहिलं कुणी? गादीवर बसून पोथी सोडणाऱ्यानं? शेळ्यांच्या मागं ऊनपावसात हिंडणाऱ्यानं पाहिलं. ही मी रागानं केलेली बडबड नाही. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात ही कबुली आहे. वनस्पतींची नावं आणि रूपं शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि रानात राहणारे इतर लोक जाणतात, असं तिथं लिहिलंय. वाचून क्षणभर बरं वाटलं. पण पुढच्याच श्वासात ग्रंथ म्हणतो की नुसतं नावरूप कळून भागत नाही. त्यांची योजना ज्याला कळते तोच खरा जाणकार.

तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. नुसता पाला ओळखणं म्हणजे औषध देणं नव्हे. पण माझ्या म्हातारीला कुणाला द्यायचा आणि कुणाला द्यायचा नाही हे कळत होतं. म्हणजे योजनाच कळत होती की! तिचं नाव कुठल्या संहितेत आलं? गुराख्याकडनं झाड घेतलं आणि गुराख्याला पायरीवर बसवलं. माहिती तुमची, ज्ञान आमचं. हीच ती परंपरा, जिच्यासाठी हॉलात टाळ्या पडतात.

आणखी एक गंमत ऐका. मनुस्मृतीत वैद्याच्या घरचं अन्न पुवासारखं मानलंय. श्राद्धाच्या पंगतीत वैद्याला बसवू नये असंही सांगितलंय. रोग्याचं रक्त, पू, थुंकी ह्याला हात लावणारा माणूस ह्या धर्माला पंगतीत नको होता. तोच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जळला, बाबासाहेबांच्या डोळ्यांदेखत. ज्या धर्मशास्त्रानं वैद्याला पानावरनं उठवलं, त्याचेच वारस आज रेशमी झब्बे घालून वैद्यकाच्या नावानं छाती फुगवतात. आणि रोग्याची थुंकी, हगवण, रक्ताचे बोळे उचलणारा हात अजून आमचाच आहे. तो पंगतीत कुठं बसलाय?

प्रफुल्लचंद्र राय हे नाव तुम्हाला माहीत असेल. ह्या माणसानं १८९२ साली कलकत्त्यात बेंगॉल केमिकलचं काम सुरू केलं. देशी वनस्पतींची औषधं कारखान्यात बनवली. त्यात अडुळशाचं सिरप होतं. ह्याच माणसानं हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला आणि त्यात स्वच्छ सांगितलं की जातिव्यवस्थेनं हात आणि डोकं एकमेकांपासून तोडलं, आणि त्यातूनच इथलं विज्ञान मेलं. अडुळशाचं सिरप विकणारा माणूस हे लिहून गेलाय. पण 'वनौषधी परंपरा'वाले सिरप घेतात आणि ते पान फाडून टाकतात.

पुढं अडुळशातल्या वासिसीनच्या धाग्यानं जाऊन ब्रोमहेक्झिन बनलं. १९६३ मध्ये ते बाजारात आलं. त्याच्याच पोटातनं अँब्रॉक्सॉल निघालं. आज केमिस्टकडं जाऊन कफ पातळ करायचं औषध मागा, बरेचदा ह्या दोघांतलंच एक हातात पडतं. गोळीशीही माझं भांडण नाही. झाडातलं द्रव्य शोधून, तपासून, मोजून माणसाला दिलं तर चांगलंच आहे. माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे.

अडुळसा करतो काय? चिकट कफ पातळ करतो. खोकला कोरडा असेल तर त्याला वाट करून देतो. घशाला आराम पडतो. बस्स, एवढंच. हे छोटं काम तो इमानानं करतो. पण हा कफ छातीत आला कुठनं? तो घातला कुणी? ह्या प्रश्नाला अडुळशाकडं उत्तर नाही, आणि असं उत्तर असल्याचा त्या झाडानं कधी दावाही केलेला नाही. दावा माणसं करतात.

माझ्या घरात खोकला तीन पिढ्यांचा आहे. त्याचा हिशेब मांडतो.

आजोबा गिरणीत रिंगखात्यात होता. रिंगखात्यातच का? मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात पगार जास्त होता, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव होता. धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा. म्हाराच्या तोंडचा धागा सवर्ण कामगार तोंडात कसा घेणार? १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. आजोबाच्या काळात ही बंदी उघड राहिली नव्हती, पण वहिवाट आणि ओळखी त्याच, म्हणून खातंही तेच. बापानं ज्या खात्यात चिकटवलं त्याच खात्यात पोरगा. आमची थुंकी बाटवते म्हणून एका खात्यातनं हाकललं, आणि ज्या खात्यात ठेवलं तिथली कापसाची धूळ आमच्याच फुप्फुसात भरली. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या ह्या दम्याची एक खूण आहे. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती जास्त आवळते. म्हणून त्याला 'सोमवारचा ताप' म्हणतात. हे मी पुस्तकात वाचलं. म्हातारीला पुस्तक नको होतं. ती सांगायची, 'सोमवारी तुझ्या आज्ज्याला काढा दुप्पट लागायचा.'

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गिरणी गेली. खोकला राहिला.

बाप मग कचऱ्याच्या गाडीवर गेला, कंत्राटदाराकडं. देवनारच्या डेपोत गाडी रिकामी करायची. १९२७ साली आपण महाडात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि त्याच साली ह्या शहरानं आपला कचरा देवनारला टाकायला सुरुवात केली. तेव्हापासनं त्या ढिगाच्या सावलीत कोण राहतं हे मी सांगायला नको. जानेवारी २०१६ मध्ये तो ढीग पेटला आणि धूर लांबवर पसरला, तेव्हा कुठं पेपरवाल्यांना कळलं की तिथं माणसंही श्वास घेतात.

२०११ च्या पावसाळ्यात बापाला खोकला लागला. दोन आठवडे, तीन आठवडे. गाडीवर धापा टाकायला लागला. बापानं मुकादमाकडं मास्क आणि हातमोजे मागितले. मुकादम म्हणाला, 'बिल कोण देणार, तुझा बाप?' पण दुसऱ्या दिवशी त्याच मुकादमानं खिशातनं एक बाटली काढली. वर हिरवं पान छापलेलं. 'घे रे. अडुळसा आहे. आयुर्वेदिक, काही साइड इफेक्ट नाही. आणि सोसायटीच्या गेटवर खोकत जाऊ नकोस, लोक तक्रार करतात.'

बाप घरी आला तो खुशीत. 'मुकादमानं स्वतः औषध दिलं!'

दोस्तांनो, हे नीट समजून घ्या. मास्क मागितला तर तो हक्क होतो. बाटली दिली तर ती मेहेरबानी होते. हक्काला पावती लागते, हजेरी लागते, कायदा लागतो. मेहेरबानीला नुसतं हसावं लागतं. आणि ती बाटली खोकल्यासाठी नव्हतीच मुळी. गेटवर जो आवाज होत होता, तो बंद करण्यासाठी होती.

तीन महिन्यांत सात बाटल्या झाल्या. खोकला हलला नाही. बाप वाळत चालला. रात्री घामानं गोधडी भिजायची. रक्त पडायला लागलं ते त्यानं रुमालात लपवलं. का लपवलं? मुकादमाला कळलं तर काम जाईल म्हणून. वस्तीत कळलं तर पोरीचं लग्न अडेल म्हणून. आणि अडुळसा चालू आहे ना, मग होईल की बरं, म्हणून.

हे सगळं फोडलं ते म्हातारीनं. सगळ्या चाळीला पाला वाटणाऱ्या माझ्या म्हातारीनं. तिनं एक बाटली उघडून चाखली आणि म्हणाली, 'ह्यात साखरच लई.' मग बापाचा रुमाल तिला सापडला. ती काही रडली नाही. बापासमोर बसली आणि जे बोलली ते मला शब्दानं शब्द आठवतं. 'ह्यो काढ्याचा खोकला न्हाई. काढ्याचा असता तर पंधरा दिसांत उतारला असता. आणि आडुळसा कफाला हाय रं, मुकादमाला न्हाई. ऊठ.'

आणि बापाच्या दंडाला धरून ती त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासली. क्षय.

वैद्यबुवा, तुमच्या दीड तासाच्या व्याख्यानापेक्षा ह्या तीन वाक्यांत जास्त वैद्यक आहे. आपलं औषध कुठं संपतं हे ज्याला कळतं, त्यालाच ते औषध कळलेलं असतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ साली जगाला दाखवला. त्याला मारणारी औषधं विसाव्या शतकाच्या मध्यावर आली. अडुळशाच्या काढ्यानं तो जंतू मरत नाही. खोकल्याचा आवाज थोडा कमी होतो, आणि तेवढ्यात जंतू आपलं काम करत राहतो. आमच्या घरात तो तीन महिने करत राहिला. बाटलीवरच्या हिरव्या पानाच्या आड.

डॉटच्या केंद्रात आठवड्यातनं तीनदा समोर उभं करून गोळ्या द्यायचे. पहिल्या दिवशी लघवी लालभडक झाली तेव्हा बाप घाबरला. नर्सबाईंनी सांगितलं, गोळीचा रंग आहे, घाबरू नका. सहा महिन्यांनी थुंकी साफ झाली. बाप वाचला. पण फुप्फुसाचा जो भाग खाल्ला गेला तो परत येत नाही. आणि कामाचं म्हणाल तर थुंकीचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात हजेरीबुकातनं नाव गेलं. मुकादमानं आठवी बाटली दिली नाही.

माझा बाप १४ एप्रिलच्या मिरवणुकीत घोषणा द्यायचा. पुढं ट्रकवर स्पीकर असायचा, तरी मागच्या टोकाला बापाचा आवाज स्पीकरच्या वर ऐकू यायचा. आता तो 'जय' म्हणतो आणि 'भीम' म्हणायला दम घेतो. हा माझ्या खोकल्याचा हिशेब. कुठल्या हॉलात मांडू?

आता कुणी म्हणेल, बाबा रे, हे तुझ्या एका घराचं झालं. ठीक आहे, घराबाहेर चला.

१९९३ मध्ये ह्या देशानं हातानं मैला उचलण्यावर बंदीचा कायदा केला. तो पाळला गेला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा केला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १९९३ पासनं गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना १० लाख द्या. २०२३ मध्ये तीच रक्कम ३० लाख केली. कायदे वाढले, रक्कम वाढली आणि माणसं गटारात उतरतच राहिली. गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास मारतो. जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि माणूस जातो. त्याला खोकायलाही सवड मिळत नाही. त्याच्यासाठी कुठला पाला उकळणार?

मार्च २०२० आठवा. टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. मग सरकारनं काढे प्यायला सांगितलं. बाल्कनीतले लोक काढा पीत घरात बसले आणि त्यांचा कचरा, त्यांचे वापरलेले मास्क उचलायला आपली माणसं रस्त्यावर होती. आम्हाला 'योद्धे' म्हणाले. योद्ध्याला ढाल लागते. आमच्या हातात काढ्याचं पाकीट!

आणि उलट बाजूही सांगतो, कारण नुसतं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करायचा आदेश दिला. ते वर्षानुवर्षं युनियन बांधून लढले म्हणून. त्यांच्या छातीला जो आराम पडला असेल तो कुठल्या झाडाच्या पानात नाही. आजारपणाची रजा, भरपगारी. हजेरीबुकात पक्कं नाव. खोकला लागला तर तो लपवावा न लागणं. हेच खरं कफनाशक.

आता थोडं आपल्या घरातलं. ते बोललो नाही तर हा लेख लबाडीचा होईल.

आपल्यात दोन प्रकारचे दोस्त आहेत. पहिला म्हणतो, पाला-काढा हे सगळं मागासलेपण, सनातन्यांचं खूळ, फेकून द्या. हा दोस्त शिकलाय, मला त्याचा अभिमान आहे. पण तो म्हातारीचं शहाणपण सनातन्यांना फुकटात देऊन टाकतोय हे त्याला कळत नाही. अडुळसा काय शंकराचार्यांनी लावला? तो आपल्या कुंपणातला आहे. आपण टाकून दिला की ते उचलतात, त्याला संस्कृत नेसवतात आणि आपल्यालाच परत विकतात.

दुसरा दोस्त उलट. तो म्हणतो, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, इंग्रजी औषधं म्हणजे कंपन्यांची लूट, आपण आपल्या मुळांकडं परत जायचं. ह्या दोस्ताची मला जास्त भीती वाटते. कारण त्याचा बाप खोकत असेल तर तो त्याला थुंकी तपासायला नेणार नाही. आमच्याकडं हे होऊन गेलंय. म्हातारीनं मुळांकडं जायला सांगितलं नाही, दवाखान्यात नेलं. बाबासाहेबांनी पोथीला प्रश्न विचारायला शिकवलं. मग पाल्यालाही प्रश्न विचारायला नको? आपला आहे म्हणून त्याला माफी?

तेव्हा करायचं काय ते सरळ सांगतो. आपल्याकडं लेख वाचून चहा प्यायची पद्धत आहे, ती मोडायची म्हणून.

तुमच्या आजीला, मावशीला, वस्तीतल्या सुईणीला विचारून घ्या. कुठला पाला, कशाला, किती, कुणाला द्यायचा नाही. वहीत लिहा आणि पहिल्या ओळीवर तिचं नाव लिहा. उद्या कुणी त्यावर व्याख्यान झोडेल तेव्हा ती वही त्याच्यासमोर ठेवता येईल.

घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर काढा प्या, पण थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात फुकट होते. औषधं फुकट आहेत. पोटाला म्हणून सरकारनं २०१८ पासनं महिन्याला ५०० रुपये सुरू केले, नोव्हेंबर २०२४ पासनं ते १,००० झाले. ही भीक नाही, मागून घ्या, मिळाले नाहीत तर दवाखान्याच्या दारात बसा. आणि क्षय झालेल्या माणसाला वस्तीत ताट-पेला वेगळा करून ठेवत असाल तर लाज वाटू द्या. वेगळा पेला काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि मुकादम बाटली पुढं करेल तेव्हा घ्या. औषध आहे, फेकू नका. पण त्याच वेळी दुसरा हात पुढं करा. मास्क कुठाय? बूट कुठाय? मशीन कुठाय? हजेरीबुकात नाव कुठाय? एकट्यानं मागाल तर काम जाईल, माझ्या बापाचं गेलं. म्हणून पन्नास जणांनी मिळून मागा.

वैद्यबुवा, तुम्ही विचारलंत ना, अडुळसा असताना खोकणाऱ्यानं दुःख का करावं? हे घ्या उत्तर. कारण अडुळसाही आहे आणि झाडूही आहे. अडुळसा रात्री एक पेला आणि झाडू दिवसभर. पेल्यानं जेवढा कफ सुटतो त्याच्या दुप्पट दुसऱ्या दिवशी भरतो. तुम्ही पेल्याची परंपरा सांगितलीत. झाडूची परंपराही सांगा. ती तर त्याहून जुनी आणि एकाच घराण्यात चालत आलेली! तिच्यावर एक व्याख्यान ठेवा, मी फुकट येतो, चहा नको.

म्हातारी २०१४ मध्ये गेली. तिचा डबा अजून झोपडीमागं आहे. पत्रा गंजून तळ गेलाय, मुळं खाली जमिनीत शिरलीयेत. पांढरी फुलं येतात. शेळ्या येतात, वास घेतात आणि निघून जातात. मी अजून पानं तोडतो, काढा करतो, बापाला देतो. तो नाक दाबून पितो. घसा मोकळा होतो त्याचा, थोडा वेळ.

त्या थोड्या वेळात तो मुकादमाला शिव्या देतो. मी म्हणतो, दे. एवढ्यासाठीच तर घसा मोकळा करायचा असतो.

जय भीम!